पद एकाचे, भार दोघांचा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी गेल्या पन्नास वर्षांतील अध्यक्ष व कार्यवाह यांची छायाचित्रे गोळा करण्याचे काम संपादक समितीने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले होते. त्या निमित्ताने एका दिवंगत कार्यवाहांच्या घरी जाण्याचा योग आला. वहिनींनी कपाटातून एक जुने छायाचित्र काढून दिले. गणेशोत्सवाच्या मंडपात पतिपत्नी शेजारी शेजारी उभी होती. स्मरणिकेतील चौकट एका व्यक्तीपुरती असल्यामुळे छायाचित्राचा अर्धा भाग गाळावा लागेल, असे मी संकोचाने सांगितले. त्यांनी हरकत घेतली नाही. "तसेच करतात," एवढेच त्या म्हणाल्या.

घरी परतताना ते वाक्य मनातून जाईना. इतिहासाचा एक सामान्य अभ्यासक या नात्याने विचार करता असे वाटले, की इतिहासलेखनही पुष्कळदा असेच करीत आले आहे. कर्त्या पुरुषाच्या पराक्रमाची, त्याच्या आजारपणाची आणि मृत्यूचीही तपशीलवार नोंद होते; परंतु त्याच्या उशापायथ्याशी वर्षानुवर्षे जागणाऱ्या व्यक्तीच्या प्रकृतीचे काय झाले, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. नेतृत्वाचे पद एकाला मिळते, त्याचा देहावर पडणारा भार मात्र दोघांच्या वाट्याला येतो. आपल्या इतिहासातील चार घरांच्या आधारे या गोष्टीचा थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

पहिले घर पेशव्यांचे. पानिपतच्या आघातानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेब निवर्तले आणि वयाच्या सतराव्या वर्षात असलेल्या माधवरावांवर राज्याची जबाबदारी येऊन पडली. वडिलार्जित कर्ज, पानिपतात कामी आलेली कर्ती पिढी, संधीची वाट पाहत बसलेले शत्रू आणि घरात सत्तेवर डोळा ठेवून असलेले चुलते, असा तो वारसा होता. पुढील अकरा वर्षे या तरुण पुरुषाला उसंत अशी मिळालीच नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनावर निजामाचा पराभव, त्यानंतर हैदरअलीवरील कर्नाटकच्या मोहिमा, १७६८ मध्ये धोडप येथे प्रत्यक्ष राघोबादादांशी लढाई. मातोश्री गोपिकाबाईंशीही मतभेद झाले आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. रणांगणावरून घरी यावे, तर घरातही रणांगणच, अशी ही स्थिती होती.

या धावपळीतच राजयक्ष्म्याने माधवरावांना गाठले. १७७० मध्ये कर्नाटकची मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्यावर सोपवून त्यांना परतावे लागले. १७७२ च्या जानेवारीत मराठी फौजांनी शहाआलम बादशहाला दिल्लीत आणून पुन्हा तख्तावर बसविले. पानिपतचा कलंक धुऊन निघाला असे ज्या वर्षी म्हणता आले, त्याच वर्षी हे यश ज्याच्या कारकिर्दीचे, तो पेशवा थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात अखेरच्या घटका मोजत होता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधून काढला आणि स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. माधवरावांच्या काळी वैद्यांच्या हाती पथ्य, काढे आणि ईश्वराची प्रार्थना यांखेरीज फारसे काही नव्हते.

आता याच कथेची दुसरी बाजू पाहू. बालवयात या घरात आलेल्या रमाबाईंच्या तारुण्याची सारी वर्षे मोहिमेवरील पतीची वाट पाहण्यात आणि पुढे त्याच्या आजारपणात गेली. त्यांनी स्वतः या वर्षांविषयी लिहून ठेवलेला वृत्तान्त आपल्याला उपलब्ध नाही. त्या आजारी पडत का, त्यांना झोप लागे का, क्षयी रोग्याच्या निकट राहणाऱ्या या स्त्रीच्या प्रकृतीची कोणी वास्तपुस्त केली का, या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. इतिहासाने ठळकपणे नोंदविली ती एकच गोष्ट, की त्या पतीमागे सती गेल्या. थेऊरला त्यांचे स्मारक आहे. सतीच्या चालीची भलावण आज कोणी सुज्ञ मनुष्य करणार नाही. परंतु ज्या समाजाने या स्त्रीच्या जगण्याकडे लक्ष दिले नाही, त्याने तिच्या मरणाचा तेवढा गौरव केला, हे विसरता येत नाही. मराठी वाचकांच्या मनात जी रमा आज वसते, ती बव्हंशी रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या 'स्वामी' या कादंबरीतील. दप्तर जेथे मुके झाले, तेथे कादंबरीकाराला बोलावे लागले.

या घटनेनंतर शंभर वर्षांनी पुण्यातच दुसऱ्या एका रमाबाईंचा संसार सुरू झाला, आणि या रमाबाईंनी मात्र लिहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नीचे १८७३ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलांच्या आग्रहावरून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या एकतीस वर्षांच्या सुधारकाने असे करावे, यावरून त्या वेळी मोठे वादळ उठले आणि त्याचा सल त्यांच्या मनात राहिला. पुढे या बालिकेला स्वतः शिकवून त्यांनी सहचारिणी घडविले, हे सर्वश्रुत आहे. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. नेतृत्वाचे ओझे वाहणाऱ्या घराचा इतका आतून लिहिलेला वृत्तान्त आपल्या भाषेत विरळाच.

रानड्यांच्या कामाचा पसारा आज ऐकूनही छाती दडपते. दिवसा न्यायदान आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, मुलींच्या शिक्षणाची चळवळ, १८८७ पासून सामाजिक परिषद, पुढे औद्योगिक परिषद आणि त्याबरोबरच अखंड वाचनलेखन. सरकारी नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. नाशिकहून धुळ्याला त्यांची बदली झाली तो काळ वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा होता. सरकारला रानड्यांचा संशय होता, त्यांची पत्रे फोडली जात. डोळ्यांचा त्रास त्यांना तरुणपणापासूनच होता. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करावे लागत. १८८६ मध्ये वित्त समितीच्या कामासाठी सिमल्याची आणि कलकत्त्याची वारी घडली. न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनानंतर १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांची नियुक्ती झाली.

या प्रत्येक मुक्कामी रमाबाई बरोबर होत्या. महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड थाटून राहिलेल्या आपणां वाचकांना त्यांची कलकत्त्याची हकीकत विशेष जवळची वाटेल, कारण परक्या नगरात गेल्यावर या दांपत्याने बंगाली भाषा शिकण्याचा उद्योग आरंभिला होता. पतीची दृष्टी अधू, म्हणून त्यांना वर्तमानपत्रे व पत्रे वाचून दाखवावयाची, त्यांची पथ्ये सांभाळावयाची, येणाऱ्याजाणाऱ्यांचे आदरातिथ्य करावयाचे आणि रात्री तळपायांना तूप चोळावयाचे, असा त्यांचा दिनक्रम असे. याच्या जोडीला इंग्रजी शिकते म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष होता. पतीने 'पुढे चल' म्हणावे आणि सोवळ्याच्या घराने 'मागे सर' म्हणावे, या ओढाताणीत ही मुलगी वाढली. रानड्यांवर होणारी टीका वर्तमानपत्रांतून होई आणि ते शांतपणे ती वाचून बाजूला ठेवीत. तीच टीका रमाबाईंना माजघरात तोंडावर ऐकावी लागे आणि तेथून त्यांना उठूनही जाता येत नसे.

१९०० सालच्या अखेरीस रानड्यांच्या हृदयविकाराने गंभीर रूप घेतले. सामाजिक परिषदेच्या स्थापनेपासून तिचे अधिवेशन ते कधी चुकवीत नसत. पण त्या डिसेंबरात डॉक्टरांनी लाहोरचा प्रवास करू दिला नाही. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, त्यांचा अंत झाला. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यानंतर त्या मुंबई सोडून पुण्याला आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. सत्तावीस वर्षे ज्या देहाची नाडी पाहत त्यांचा दिवस उगवत होता, तो देहच गेल्यावर आपल्या दिवसाचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असला पाहिजे. त्या अंधारातून त्या बाहेर आल्या त्या कामाच्या बळावर. १९०४ मध्ये मुंबईच्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे कार्य सुरू झाले. तेथून पुढे परिचारिकांच्या शिक्षणाचीही व्यवस्था झाली. जी सेवा त्यांनी घरात विनावेतन आणि विनानाव केली होती, तिला त्यांनी शास्त्राचे व उपजीविकेचे रूप दिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

तिसरे घर लोकमान्य टिळकांचे. येथे नेतृत्वाने पतिपत्नींना एकत्र झिजविण्याऐवजी एकमेकांपासून तोडले. १८७१ साली विवाह होऊन आलेल्या सत्यभामाबाईंनी १८९७ मधील राजद्रोहाचा पहिला खटला आणि त्यानंतरचा तुरुंगवास पाहिला. १९०३ च्या प्लेगात थोरला मुलगा विश्वनाथ गेला. त्याच सुमारास ताईमहाराज प्रकरणाचा ससेमिरा चालू होता. आणि २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या न्यायालयात सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा टिळक बावन्न वर्षांच्या उंबरठ्यावर होते आणि मधुमेहाने शरीर पोखरले होते.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पथ्याच्या बळावर मधुमेह ताब्यात ठेवला, ग्रंथ मागविले, भाषा शिकल्या आणि १९१० ते ११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढले. कारावास हा कारावासच. परंतु त्यात एक नियमितपणा होता आणि मनाला झोकून देण्यासाठी एक थोर कार्य होते. पुण्यात मागे राहिलेल्या सत्यभामाबाईंना यांपैकी काय होते? पती जिवंत आहे, पण दिसत नाही. आजारी आहे, पण सेवा करता येत नाही. सुटकेची तारीख ठाऊक आहे, पण तिथवर आपण पोहोचू याचा भरवसा नाही. ७ जून १९१२ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. टिळकांची सुटका झाली १६ जून १९१४ रोजी. दोन वर्षांचे अंतर पडले. चाळीस वर्षांच्या सहधर्मचारिणीच्या मृत्यूची वार्ता त्या कर्मयोग्याला एकट्याने कोठडीत पचवावी लागली. तो शोक त्यांच्या पत्रांतून व्यक्त झाला आहे. इन्शुलिनचा शोध टोराँटो येथे १९२१ मध्ये लागला. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीच सरदारगृहात निवर्तले होते.

चौथे घर आपल्याला महाराष्ट्रातून दिल्लीत आणून सोडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणासाठी आणि चळवळीसाठी सर्वाधिक किंमत कोणी मोजली असेल, तर ती रमाईंनी. बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन येथे अध्ययन करीत असताना मुंबईच्या चाळीत दारिद्र्याशी झुंजत त्यांनी घर चालविले. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. त्यानंतरची वर्षे महाडच्या सत्याग्रहाची, गोलमेज परिषदांची, पुणे कराराची. दादरला 'राजगृह' उभे राहिले, चार सुखाचे दिवस दिसू लागले, तेव्हा रमाईंच्या शरीरात ते भोगण्याची शक्ती उरली नव्हती. २७ मे १९३५ रोजी, चाळिशीही न गाठता, त्या गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी रमाईंच्या अंतःकरणाच्या चांगुलपणाचे आणि त्यांच्या सोबत सोसण्याच्या तयारीचे स्मरण केले आहे. अर्पणपत्रिका हे पुष्कळदा उशिरा फेडलेले ऋण असते.

यानंतर बारातेरा वर्षे बाबासाहेबांनी एकट्याने काढली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वेळी ते देशाचे कायदामंत्रीही होते. समितीचे काही सदस्य गळाले, काही परदेशी वा प्रकृतीमुळे दूर राहिले आणि अखेर मसुद्याचा भार एकट्या आंबेडकरांवर पडला, अशी स्पष्ट कबुली टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच दिली होती. ज्या शरीरावर हा भार पडला, ते मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या विकाराने जर्जर झाले होते. पाय ठणकत, रात्र रात्र झोप लागत नसे. मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी सादर झाला आणि १५ एप्रिल रोजी दिल्लीतील राहत्या घरी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याच पुढे सविता आंबेडकर.

सविताबाई स्वतः वैद्यकीय पदवीधर होत्या. या विवाहात प्रारंभापासूनच रुग्ण आणि वैद्य हे नाते पतिपत्नीच्या नात्यात मिसळलेले होते. आपला व्यवसाय सोडून त्या दिल्लीला आल्या. आहार, औषधे आणि विश्रांतीच्या वेळा सांभाळणे हेच त्यांचे काम झाले. हा देह पुढे आठ वर्षांहून अधिक काळ टिकला. या आठ वर्षांत घटना पूर्ण झाली, हिंदू कोड बिलाचा लढा झाला, १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला गेला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि बुद्धचरित्राचा ग्रंथ लिहून झाला. त्या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य लांबल्याचे श्रेय पत्नीला व डॉ. मालवणकर यांना दिले होते. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मात्र ही प्रस्तावना नव्हती.

आणि पत्नीच्या पदरी काय आले? ६ डिसेंबर १९५६ रोजी अलीपूर रोडवरील निवासस्थानी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि काही अनुयायांच्या संशयाची सुई ज्यांनी शुश्रूषा केली त्यांच्याकडेच वळली. शासकीय चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तथापि मनातले किल्मिष चौकशीने जात नाही. पुढे दीर्घकाळ त्या सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. त्यांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन १९९० मध्ये आले. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले. महापुरुष गमावल्याचे दुःख समाजाला आवरत नाही, तेव्हा तो कोणाला तरी दोषी ठरवू पाहतो, आणि सर्वांत जवळ उभी असलेली व्यक्तीच त्याच्या हाती प्रथम लागते.

या चार घरांची तुलना करताना एक शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोठे पद म्हणजे प्रकृतीचा नाश, असे समीकरण मांडता येईल काय? आधुनिक वैद्यकशास्त्राचे उत्तर याहून सूक्ष्म आहे. १९६७ पासून लंडनमधील सरकारी नोकरांची एक प्रदीर्घ पाहणी करण्यात आली. सर्वांत वरचे अधिकारी हृदयविकाराने अधिक मरत असतील, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात उलटे आढळले. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचे मृत्यूचे प्रमाण वरिष्ठांहून पुष्कळ अधिक होते. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जो उलगडा केला, त्यात एक कारण असे सांगितले, की कामाचा ताण मनुष्य सोसू शकतो. ज्या कामावर आपले नियंत्रण नाही, त्या कामाचा ताण शरीराला अधिक जाचतो.

हा निष्कर्ष आपल्या चार घरांवर ठेवून पाहिला, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. माधवराव मोहिमेची तारीख ठरवू शकत होते, रमाबाई नाही. परिषदेला जावयाचे की नाही, ही इच्छा रानड्यांची. टिळकांनी लेख लिहिताना परिणाम ओळखला होता. सत्यभामाबाईंनी तो केवळ भोगला. पुढाऱ्याच्या घरातील जोडीदाराकडे जबाबदारी संपूर्ण असते आणि अधिकार नाममात्र. कार्यालयातील शेवटच्या श्रेणीच्या नोकराची जी स्थिती, तीच अनेकदा मोठ्या घरातील या गृहस्वामिनीची. आणखी एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर एक लहानशी जखम करून ती किती दिवसांत भरते, हे पाहण्यात आले. त्याच वयाच्या इतर स्त्रियांची जखम सरासरी सुमारे ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची भरण्यास सुमारे ४९ दिवस लागले. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'माझे काय, मी ठीक आहे' असे म्हणणाऱ्या व्यक्तीची त्वचा तिचे म्हणणे खोटे पाडीत होती, असेच म्हणावे लागेल.

येथे एक वैयक्तिक गोष्ट लिहिण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. काही वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतील एक जोखमीचे पद आणि या मंडळाचे कार्यवाहपद अशा दोन्ही जबाबदाऱ्या प्रस्तुत लेखकाकडे एकदमच आल्या होत्या. एके दिवशी भोवळ आली म्हणून डॉक्टरांना घरी बोलाविले. त्यांनी माझा रक्तदाब पाहिला, औषध लिहून दिले आणि चहाचा पेला पुढे करणाऱ्या माझ्या पत्नीकडे पाहून सहज विचारले, "वहिनी, तुमचा कधी पाहिला आहे का?" कधीच पाहिलेला नव्हता. तो माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक निघाला. डोके दुखते, असे ती वर्षभर म्हणत होती. मी प्रत्येक वेळी ते ऐकले होते आणि उत्सवाची वर्गणी, पाहुण्यांची व्यवस्था, कार्यालयातील फाइल यांत विसरूनही गेलो होतो. सुदैवाने वेळ गेलेली नव्हती. पण त्या दिवसापासून मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना माझी नजर पानाच्या कडेला उभ्या असलेल्या व्यक्तीकडे आधी जाऊ लागली.

काळ बदलला आहे, हे खरे. आज आपल्याच मंडळातील कितीतरी भगिनी बँकांत, रुग्णालयांत, शासनात उच्च पदांवर आहेत, आणि त्यांच्या घरी पथ्यपाण्याची आठवण ठेवणारा, बदलीच्या गावी मागून येणारा पती असतो. पद कोणाचे, हे बदलले म्हणून दुसऱ्या देहावरील भार आपोआप नाहीसा होत नाही. परंतु तो वाटून घेण्याची उदाहरणेही आपल्या डोळ्यांसमोर आहेत. १९५३ च्या जानेवारीत दिल्लीत चिंतामणराव देशमुख आणि दुर्गाबाई यांचा विवाह झाला, तेव्हा चिंतामणराव केंद्रीय अर्थमंत्री होते. त्याच वर्षी दुर्गाबाई नव्याने स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. उतारवयात दुर्गाबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावातच त्यांनी 'चिंतामण' आणि 'मी' अशा दोघांनाही स्थान दिले. दोघांचेही काम मोठे, दोघांचीही नावे मोठी, आणि आठवणींत दोघेही बरोबरीने उभे.

घरापासून दूर आलेल्या मराठी माणसांच्या मंडळांना हा विषय परका नाही. येथे सासर नाही, माहेर नाही, अडीअडचणीला धावून येणारी काकूमावशी नाही. जे काही सोसावयाचे ते चार भिंतींत दोघांनीच. म्हणूनच मंडळाने आपल्या पदाधिकाऱ्यांचा सत्कार करताना त्यांच्या घरच्या माणसाचीही विचारपूस करण्याचा प्रघात पाडावा, वार्षिक आरोग्य तपासणीचा जो कार्यक्रम होतो त्याला पतिपत्नींनी जोडीने यावे असे आवर्जून कळवावे, आणि वर्षातील चार महिने तरी कार्यकारिणीच्या सभा रात्री नऊच्या आत संपवाव्यात, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. या गोष्टी दिसावयास लहान आहेत. इतिहासाची पाने चाळल्यावर मात्र त्या लहान वाटत नाहीत.

संपादक समितीला मी दुसरीही एक विनंती केली आणि समितीने ती मोठ्या मनाने मान्य केली, याबद्दल तिचे आभार मानतो. माजी पदाधिकाऱ्यांच्या पानांवर जेथे जेथे मूळ छायाचित्रात दोघे होती, तेथे चौकट रुंद करून घेतली आहे. आरंभी उल्लेखिलेल्या वहिनींना मुद्रित पान दाखविण्यासाठी मी गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "या साडीची आठवणच राहिली नव्हती. आरतीच्या आधी ताप होता मला त्या दिवशी."

पन्नास वर्षांनंतर ही नोंद प्रथमच झाली.